गारगोटीची धूळ

दिवाळी जवळ आली की घरोघर पहिला मान धुळीला मिळतो. माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात, जळमटे निघतात, तसबिरींच्या काचा पुसल्या जातात आणि दोन दिवस घरातील लहानथोर सारे शिंकत असतात. ही धूळ बिचारी सालस. डोळ्यांना दिसते, नाकात गेली तर शिंकेबरोबर बाहेर पडते आणि केरसुणीच्या एका फटकाऱ्यासरशी उंबरठा ओलांडून जाते. मला ज्या धुळीची हकिकत सांगायची आहे तिचा स्वभाव निराळा आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, तिच्याने शिंक येत नाही, आणि एकदा छातीत उतरली की माणसाबरोबरच सरणावर चढते. सणासुदीच्या अंकात असला विषय काढला म्हणून वाचकांनी रागावू नये. फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचावे असे पुष्कळ काही या अंकात इतरांनी लिहिले असेलच.

मी डॉक्टर नव्हे, आणि इतिहासाचा पंडित तर नव्हेच. शाळेत मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. अशाच एका कादंबरीसाठी पाथरवटांच्या धंद्याची माहिती गोळा करत होतो. जन्मभर दगड फोडणाऱ्या माणसाच्या छातीत काय होते, एवढाच माझा प्रश्न होता. त्या प्रश्नाचे बोट धरून मी बोहेमियाच्या खाणीत गेलो, विलायतेतल्या साणवाल्यांकडे गेलो, अमेरिकेतील एका बोगद्यात शिरलो, आणि अखेर माझ्याच वर्गातील पाटीवरच्या पेन्सिलीपाशी येऊन थबकलो. कादंबरी अजून अपुरी आहे. ही हकिकत मात्र मनातून हलत नाही.

गारगोटी आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी नदीकाठी वेचली असेल. रात्री पांघरुणात शिरून दोन गारगोट्या एकमेकींवर घासायच्या आणि आत उमटणारा पिवळसर उजेड पाहायचा, हा आमचा आवडता खेळ होता. शास्त्रज्ञ या गारगोटीला क्वार्ट्झ म्हणतात. तिचे द्रव्य म्हणजे सिलिका. नदीची वाळू तीच, वालुकाश्मात तीच, ग्रॅनाइटात तिचा मोठा वाटा. अखंड दगडात असेतो ती कोणाचे वाकडे करत नाही. पण तो दगड फोडला, घासला, कापला किंवा त्यात भोक पाडले की तिची धूळ होते, आणि त्या धुळीत इतके बारीक कण असतात की माणसाचा केस त्यांच्यापुढे सोट्यासारखा दिसावा. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. घातक कण पाचांच्या आतले. मोठे कण नाकाच्या केसांत आणि घशाच्या चिकट ओलाव्यात अडकतात. बारीक कण थेट फुप्फुसाच्या तळाशी, जिथे हवा रक्ताला भेटते त्या नाजूक फुग्यांत जाऊन बसतात.

तिथे शरीराचे पहारेकरी असतात. आत आलेला जंतू किंवा कचरा गिळून टाकणे हे त्यांचे काम. गारगोटीचा कणही ते इमानाने गिळतात. पण तो त्यांना पचत नाही, उलट तेच मरतात. कण पुन्हा मोकळा होतो, दुसरा पहारेकरी त्याला गिळतो, तोही मरतो. या न संपणाऱ्या लढाईच्या जागी व्रण धरतात, व्रणांच्या गाठी होतात, आणि स्पंजासारखे मऊ फुप्फुस जागोजागी टणक होऊ लागते. माणसाला आधी चढावर दम लागतो, मग सपाटीवर, मग अंथरुणात कूस बदलताना. काम सोडले तरी रोग थांबेलच असे नाही, कारण कण आतच असतात. क्षयाला असे फुप्फुस म्हणजे उघडे दार. धूळ थोडी असेल तर या सगळ्याला दहा-वीस वर्षे लागतात, फार असेल तर काही महिनेही पुरतात. झालेला व्रण मऊ करणारे औषध आजही नाही. या रोगाला सिलिकोसिस हे नाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटलीत मिळाले. रोग मात्र नावापेक्षा फार जुना.

बोहेमियातील योआखिमस्थाल या चांदीच्या खाणींच्या गावी अग्रिकोला नावाचा एक डॉक्टर होता. खाणकामावर त्याने लॅटिनमध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला. तो १५५६ साली, त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने, छापून निघाला. खाणीतील कोरडी धूळ श्वासावाटे आत जाऊन माणसाची छाती पोखरते, हे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. कार्पेथियन डोंगरातील खाणींच्या मुलखात एकेका बाईने सात-सात नवरे केलेले आढळतात, कारण एकामागून एक सगळे या रोगाने जातात, असेही तो नोंदवतो. आपल्याकडील बायका वडाला सूत गुंडाळून सात जन्म हाच नवरा मागतात. त्या बायांच्या नशिबी एकाच जन्मात सात आले. अग्रिकोला नुसता हळहळून थांबला नाही. खाणीत हवा खेळवणारे भाते आणि पंखे कसे बांधावेत याची चित्रे त्याने दिली, कामगारांनी तोंडावर जाळीदार वस्त्र घ्यावे असेही सांगितले. म्हणजे पावणेपाचशे वर्षांपूर्वी रोगही ठाऊक होता आणि त्यावरचा तोडगाही निम्माशिम्मा ठाऊक होता.

पुढचे नाव रामाझिनीचे. इटलीतील मोडेना शहरी हा वैद्यकीचा प्राध्यापक होता. कारागिरांच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ १७०० साली प्रसिद्ध झाला. एकदा त्याच्या घराचा शौचकूप उपसायला माणूस आला होता. तो इतकी घाई का करतो म्हणून रामाझिनीने विचारले, तेव्हा त्या माणसाने सांगितले की या कामात चार तासांहून जास्त राहिले तर डोळे जातात. या एका उत्तराने प्राध्यापकमहाशय गावातील प्रत्येक धंद्याच्या दारात जाऊन उभे राहू लागले. कुंभार, सोनार, गिरणीवाले, तंबाखू कुटणारे, ताग पिंजणारे, मुडदेफरास, सर्वांकडे ते गेले. रोग्याला वैद्याने जे प्रश्न विचारायचे त्यांत त्यांनी आणखी एकाची भर घातली: तुझा धंदा काय? प्रश्न साधा आहे, पण दवाखान्यात तो आजही फारसा कोणी विचारत नाही. पाथरवटांविषयी लिहिताना रामाझिनीने हॉलंडमधील डीमरब्रूक या प्राध्यापकाचा अनुभव दिला आहे. दम्याने मेलेल्या पाथरवटांची प्रेते त्याने उघडली, तेव्हा फुप्फुसात सुरी चालवताना वाळूचा ढीग कापावा तसे वाटले होते.

आता विलायतेतले शेफील्ड. चाकू, कात्र्या, वस्तरे आणि काटेचमचे यांसाठी हे गाव जगभर प्रसिद्ध. आपल्याकडे शिकलगार जसे साणेवर धार लावतात तसे तिथे हजारो साणवाले. साण वालुकाश्माची, म्हणजे जवळजवळ गारगोटीचीच. साणवाला घोड्यावर बसावे तसा लाकडी खोगिरावर बसतो, पुढ्यात साण गरगर फिरते, आणि तिच्यावर वाकून तो पाते घासतो. पूर्वी या साणा ओढ्याकाठी, पाणचक्कीवर फिरत. ओढ्याला पाणी कमी असले की काम बंद. मग साणवाला शेतात जाई किंवा मासे मारत बसे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेचे यंत्र आले. यंत्राला उन्हाळा नाही न् दुष्काळ नाही. कोंदट खोल्यांत ओळीने साणा लागल्या आणि माणसे सकाळपासून रात्रीपर्यंत त्यांच्यावर वाकून राहू लागली.

साणकामाच्या दोन तऱ्हा होत्या. एकीत साणेचा खालचा भाग पाण्याच्या डोणीत बुडालेला असे, त्यामुळे धूळ चिखल होऊन खालीच बसे. दुसरी तऱ्हा कोरडी. काटे, म्हणजे जेवणाच्या टेबलावर ठेवायचे काटे, कोरड्या साणेवर घासत. शेफील्डच्या डॉक्टर नाइट यांनी १८३० च्या सुमाराला या लोकांची जी माहिती जमवली, ती वाचताना अंगावर काटा येतो. जेवणाच्या सुऱ्या ओल्या साणेवर घासणारे चाळीस ते पन्नासच्या दरम्यान मरत. काटे कोरडे घासणारे अठ्ठावीस ते बत्तीसच्या दरम्यान. गाव एक, जात एक, कामही तेच. मधले अंतर डोणीभर पाण्याचे.

याच गावातील एब्रहॅम नावाच्या गृहस्थाने १८२१-२२ च्या सुमाराला चुंबक लावलेले एक साधन तयार केले. त्याचा गौरव झाला, पदक मिळाले, साणवाल्यांनी मात्र ते हाती धरले नाही. चुंबक लोखंडाचा कीस ओढतो. दगडाच्या धुळीशी त्याचे काही नाते नाही, ही एक गोष्ट. पण खरे कारण दुसरेच होते. साणवाल्यांचा हिशेब असा की, आपला धंदा जिवावरचा आहे म्हणून त्यात माणसे कमी येतात, आणि कमी येतात म्हणून मजुरी बरी मिळते. उद्या तो निर्धोक झाला तर शेकडो पोरे येऊन बसतील आणि मजुरी कोसळेल. चार दिवस जगू, पण पोटभर खाऊन जगू. त्यांना अडाणी म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते. मला तसे म्हणवत नाही. ज्याला निवड अशीच दिलेली आहे, त्याने निवडलेल्या उत्तरावर आरामखुर्चीतून शेरा मारणे सोपे असते. डॉक्टरांच्या नोंदीत आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. साणवाल्यांत जास्त जगत ते दारुडे. कारण पिऊन पडल्यामुळे ते कामावर कमी जात. दारूबंदीच्या व्याख्यानात सांगायला हा दाखला काही उपयोगाचा नाही! अखेरीस धूळ ओढून बाहेर टाकणारा पंखा निघाला. साण फिरवणाऱ्या त्याच पट्ट्यावर तो फिरत असे. तो बसवायला लावण्याचा अधिकार कारखाना-निरीक्षकांना १८६७ च्या कायद्याने मिळाला.

इथे इतिहास एक विचित्र वळण घेतो. १८८२ साली कोख यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला. मानवजातीवर एवढे उपकार थोड्याच लोकांचे असतील. पण त्याचा एक परिणाम असा झाला की खोकणारा प्रत्येक कामगार क्षयरोगी ठरू लागला. दोष जंतूचा, नाहीतर त्याच्या घाणेरड्या खोलीचा, नाहीतर त्याच्या राहणीचा. धूळ बाजूला पडली. अग्रिकोलाला जे दिसले होते ते सूक्ष्मदर्शकाच्या उजेडात काही काळ दिसेनासे झाले. नेमक्या याच काळात खाणींत हवेच्या दाबावर चालणारी ड्रिल-यंत्रे आली. हातोडा आणि पहार यांनी जी धूळ महिन्यात उडायची ती आता दिवसात उडू लागली. अमेरिकेतील खाणवाल्यांनी या यंत्राचे नाव ठेवले ‘विधवा करणारे’. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध संपून सोन्याच्या खाणी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा असे दिसले की युद्धापूर्वीच्या ड्रिलवाल्यांपैकी कितीतरी जण रणांगणावर न जाताच मेले आहेत. १९०२ साली चौकशी समिती बसली. पुढे उपाय निघाला तो तोच, शेफील्डचा: पाणी. पोकळ पहारीतून पाणी सोडायचे म्हणजे भोकातली धूळ भोकातच भिजते. लायनर या अमेरिकनाचे असे यंत्र विसावे शतक उजाडण्याच्या सुमारास निघालेही होते.

१९३० साली ऑगस्ट महिन्यात जोहान्सबर्ग शहरी देशोदेशींचे तज्ज्ञ जमले. आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाने ही परिषद भरवली होती. सिलिकोसिस हा धुळीचाच रोग आहे, यावर तिथे विद्वानांचे एकमत झाले. आणि त्याच वर्षी, त्या परिषदेच्या चार-पाच महिने आधी, अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात गॉली ब्रिज नावाच्या खेड्याजवळ एका बोगद्याचे काम सुरू झाले होते.

न्यू रिव्हर नावाच्या नदीचे पाणी डोंगरातून वळवून वीज निर्माण करायची आणि ती धातूच्या कारखान्याला द्यायची, असा बेत होता. कारखाना युनियन कार्बाइड कंपनीच्या गोतावळ्यातला. बोगदा सुमारे तीन मैल लांब. जागेचे नाव हॉक्स नेस्ट, म्हणजे ससाण्याचे घरटे. ते दिवस मंदीचे. रोजगारासाठी दक्षिणेकडील राज्यांतून गाड्या भरभरून माणसे आली. सुमारे पाच हजार जणांनी या कामावर पाय ठेवला, त्यांपैकी तीन हजारांच्या आसपास बोगद्याच्या आत उतरले, आणि आत उतरणाऱ्यांत बहुसंख्य नीग्रो होते. खोदता खोदता डोंगरात गारगोटीचा असा थर लागला की काही ठिकाणी तो जवळजवळ निर्भेळ सिलिका होता. कंपनीला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे म्हणायला जागा नाही, कारण तोच दगड तिच्या भट्टीला हवा होता. तो काढून कारखान्यात नेलाही गेला.

ओले ड्रिल ठाऊक होते, बाजारात होते. पण पाण्याने काम मंदावते, आणि कंत्राटदाराला घाई होती. बहुतेक भोके कोरडी पडली. सुरुंग उडाला की धुरळा खाली बसायच्या आत माणसांना परत आत धाडत. पुढे चौकशीत कामगारांनी सांगितले की दिव्याच्या उजेडातही दहा फुटांवरचे दिसत नसे, पिण्याच्या पाण्यावर दुधासारखा थर येई, आणि संध्याकाळी बाहेर पडताना काळा कोण न् गोरा कोण हे ओळखू येत नसे, सगळे पिठाच्या गिरणीतून निघावे तसे पांढरे. साहेब लोक पाहणीला येत तेव्हा त्यांच्या तोंडावर मुखवटे असत. माणसे वर्षाच्या आत पडू लागली. डॉक्टरांनी काहींना न्यूमोनिया म्हटले, काहींना क्षय, आणि काहींच्या बाबतीत ‘बोगदा-रोग’ असे एक नवीनच नाव तयार केले. परगावच्या नीग्रो मजुरांना पुरायला जवळच्या गोऱ्यांच्या दफनभूमीत जागा नव्हती. कित्येकांना दूर समर्सव्हिल येथील एका शेतात खड्डे खणून पुरले.

गॉली ब्रिजच्याच बाजूच्या जोन्स नावाच्या एका गोऱ्या कुटुंबातील बाप आणि तीन मुलगे बोगद्यात कामाला होते. धाकटा जेमतेम अठराचा. तो अंथरुणाला खिळला तेव्हा त्याने आईला एक गोष्ट सांगून ठेवली. मी मेलो की डॉक्टरांकडून माझी छाती उघडून घे, या कामानेच मी मेलो असे निघाले तर तुला भरपाई तरी मिळेल. मुलांच्या छातीचे क्ष-किरण चित्र काढायला पैसे हवेत म्हणून ती माऊली रस्त्यावर उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे हात पसरत होती. तिन्ही मुलगे गेले. हा मजकूर कोणा कादंबरीकाराने रचलेला नाही. १९३६ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे तो सांगितला गेला आणि सरकारी दप्तरात आहे. माझ्या धंद्यातल्या माणसाला असे काही रचण्याचे धैर्यही झाले नसते.

पहिल्या दीडशेवर दाव्यांची तडजोड १९३३ साली एक लाख तीस हजार डॉलरांत झाली, त्यातले निम्मे वकिलांच्या घरी गेले. राहिले ते वाटताना काळ्या माणसाच्या फुप्फुसाची किंमत गोऱ्यापेक्षा कमी धरली गेली. काँग्रेसपुढे मृतांचा आकडा ४७६ असा आला. चर्नियाक या डॉक्टरने पुढे जुनी कागदपत्रे चाळून १९८६ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यात हा आकडा ७६४ पर्यंत जातो. त्या कंपनीचे नाव आपल्याला निराळ्या कारणाने पाठ आहे. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्री ज्या कारखान्यातून विषारी वायू सुटला, तो याच युनियन कार्बाइडच्या भारतीय शाखेचा.

आता घराकडे वळतो. आपल्या महाराष्ट्रावर निसर्गाची एक कृपा आहे. सह्याद्रीचा काळा फत्तर हा ज्वालामुखीच्या रसाचा. त्यात मोकळी गारगोटी फारच थोडी. आपली लेणी, आपले गड, आपली जाती आणि पाटे-वरवंटे या दगडातून निघाले. आमच्या गावच्या पाथरवटाची म्हातारी अंगणात बसून जात्याला टाकी लावताना पाऊण शतक जगली, त्याचे श्रेय तिच्या दगडाला आणि अंगणातल्या वाऱ्याला द्यायला हवे. राजस्थानच्या वालुकाश्मात काम करणाऱ्याला असे श्रेय देता येत नाही. आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत तर साडेसात हजारांवर कामगार १९४० ते १९४६ या काळात तपासले गेले, तेव्हा शंभरांत चाळिसांहून अधिकांच्या छातीत हा रोग निघाला.

मंदसोर म्हटले की इतिहासाच्या मास्तराला १८१८ चा तह आठवतो. महिदपूरच्या लढाईनंतर होळकरांनी इंग्रजांशी तो केला, आणि मराठी राज्याच्या शेवटाच्या प्रकरणात त्याची एक ओळ असते. फळ्यावर हे नाव मी कितीदा लिहिले असेल! पण पहिलीच्या मुलांच्या हातातली पाटीवरची पेन्सिलही याच मंदसोर भागातून येत असते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. तिथे जमिनीतून मऊसर पाटीचा दगड निघतो. शेडमध्ये विजेवर फिरणाऱ्या गोल करवतीवर त्याच्या कांड्या कापतात. करवत आणि कापणाऱ्याचे नाक यांत हातभर अंतर. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी तिथले ५९३ कामगार तपासले. त्यांचा अहवाल १९८५ साली प्रसिद्ध झाला. शंभरांत जवळजवळ पंचावन्न कामगारांना सिलिकोसिस होता. म्हातारे लोक नव्हेत हे, ऐन कमावत्या वयातले. मंदसोरजवळच्या मुलतानपुरा गावाची ओळख वर्तमानपत्रांतून विधवांचे गाव अशी होऊन बसली. मध्य प्रदेश सरकारने या कामगारांच्या कल्याणनिधीसाठी १९८२ साली स्वतंत्र कायदा केला, धूळ ओढून घेणारी यंत्रे बसवण्याचे प्रयत्नही झाले.

मुलांच्या आईबापांनी घाबरू नये. एका कांडीने पाटीवर अक्षरे गिरवणाऱ्या मुलाच्या छातीत काही जात नाही. रोग होतो तो त्या कांड्या कापत दिवसचे दिवस धुरळ्यात बसणाऱ्याला. तसेच आम्हा मास्तर लोकांचा खडू हा जिप्समचा किंवा चुनखडीचा, गारगोटीचा नव्हे. त्याने कपडे पांढरे होतात, खोकला येतो, पण या रोगाचे निमित्त पुढे करून कोणी रजा मागू नये. एवढे मात्र खरे की ‘ग’ गिरवताना पेन्सिल मोडली आणि मुलाने ती बेफिकीरपणे खिडकीबाहेर टाकली, तर आताशा मला त्याला रागवायचे की काय सांगायचे ते सुचत नाही.

मंदसोर फार दूर वाटत असेल, तर आणखी अलीकडे येऊ. नंदुरबारच्या उत्तरेला नर्मदेपलीकडे अलिराजपूर, पुढे झाबुआ आणि धार. या जिल्ह्यांतील आदिवासी पाऊस संपला की मजुरीला बाहेर पडतात. त्यांतले पुष्कळ गुजरातेत गोध्रा, बालासिनोर या बाजूच्या कारखान्यांत गेले. तिथे काचेसाठी गारगोटीची पिठी करतात. दगडाचे पीठ, आणि ते दळणारी उघडी माणसे. एक-दोन हंगाम काम करून ती घरी परतली आणि गावोगाव तरणीताठी मुले दम लागून मरू लागली. गावातल्या लोकांनीच याद्या केल्या, दारोदार फिरून नावे लिहिली, मानवी हक्क आयोगाकडे आणि न्यायालयात गेले. २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये गुजरात सरकारने द्यावेत, असा हुकूम सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. तोवर कित्येक वारसही उरले नसतील.

हे सारे खाणींचे आणि कारखान्यांचे झाले. पण ही धूळ आता आपल्या स्वयंपाकघरात आली आहे. नव्या घरांतून ओट्यासाठी ‘क्वार्ट्झ’ नावाची गुळगुळीत, हव्या त्या रंगाची फळी मिळते. हा दगड खाणीतला नव्हे. गारगोटीची भुकटी राळेत कालवून दाबून केलेला. कित्येक फळ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त सिलिका असते. बसवलेल्या ओट्यावर पोळ्या लाटणाऱ्याला तिच्यापासून काही धोका नाही; धोका आहे तो ती मापाने कापणाऱ्याला. इस्रायलमध्ये असे ओटे कापणाऱ्या पंचवीस कारागिरांची हकिकत २०१२ साली तिथल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. फुप्फुस बदलावे लागेल का हे पाहण्यासाठी त्यांना पाठवलेले होते. ऑस्ट्रेलियात तरुण कारागीर एकामागून एक आजारी निघाले, तेव्हा त्या सरकारने १ जुलै २०२४ पासून या दगडाच्या वापरावरच बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश. आपल्याकडे ती नाही.

गेल्या वर्षी दसरा उलटल्यावर आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात असाच नवा ओटा बसत होता. गॅलरीत एक विशीतला मुलगा हातातल्या कटरने फळी कापत होता. तोंडाला रुमाल, भुवया आणि पापण्या पांढऱ्या. मी विचारले, “अरे बाबा, पाणी सोडून का कापत नाहीस?”

“रेंदा होतो, गुरुजी,” तो म्हणाला. “खालच्या मजल्यावर ओघळ जातो, मग बाई ओरडतात. आणि कोरडं कापलं की काम लवकर उरकतं. रुमाल बांधलाय की.”

रुमालाच्या विणीतून त्या कणांची वरात जाईल, हे त्याला समजावताना माझी मास्तरकी फार लांबली. शेवटी शेजारच्या वहिनीच बाहेर आल्या. त्यांनी सगळे ऐकले होते. आत जाऊन त्यांनी एक बादली पाणी, एक तांब्या आणि जुने गोणपाट आणून ठेवले, आणि गॅलरीच्या मोरीपाशी दुसरे गोणपाट आडवे लावले. म्हणाल्या, “दादा, होऊ दे चिखल. मी धुते मागाहून.” मग तो कापत राहिला आणि वहिनींचा मुलगा पात्यावर तांब्याने धार धरून उभा राहिला. पांढरा रेंदा गॅलरीभर झाला. काम तासभर लांबले. संध्याकाळी कंत्राटदार आला, त्याने गॅलरीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, आणि त्या मुलाला विचारले, “इतका वेळ काय करत होतास?”